दाताला न लावलेली गुंज

आमच्या कुंपणावर गुंज होती. कुणी लावली नव्हती, आपली आपण आलेली. करवंदीच्या जाळीवर चढून बसायची आणि थंडीत शेंगा वाळून उकलल्या की आतले लाल दाणे, काळा टिळा लावलेले, तसेच शेंगेला चिकटून राहायचे. येणाऱ्या-जाणाऱ्याचा हात तिकडे गेल्याशिवाय राहत नसे. तोंड आलं की आम्ही तिचा पाला चघळायचो. गोड लागतो, ज्येष्ठमधासारखा. सप्ताह जवळ आला की भजनातली माणसं पाला मागायला यायची, गळा सुटतो म्हणून. सांगायचं काय, गुंज आमच्या लेखी घरातलीच. तिला घाबरायचं असतं हे आमच्या गावात कुणाला माहीत नव्हतं.

ती भीती बंगल्यातून घरी मी आणली.

बंगला म्हणजे चौक गावावरून लोधिवलीकडे जाताना हायवेला लागून एका मुंबईच्या शेठचा होता तो. बरीच वर्षं बंद पडलेला. मग तो मुंबईच्या एका प्रयोगशाळेने घेतला आणि तिथे पांढरे उंदीर आले. पिंजरे धुवायला, बाटल्या विसळायला बाई पाहिजे असं ढाब्यावर कुणीतरी बोललं, ते माझ्या कानावर आलं. आमचे हे माथेरानला हॉटेलच्या भटारखान्यात. पावसाळ्यात हॉटेलं बंद झाली की घरी, एरवी वरच. घरात मी, माझी दोन मुलं, थोरले दीर आणि थोरली जाऊ. जावेला मी बाय म्हणायचे. बाय म्हणाली, "जा गं. उंदरं काय वाघ हायती? भात मी लावीन चुलीवर." म्हणून मी गेले.

शाळेचं तोंड मी पाहिलेलं नाही. मला अक्षर आलं ते त्या पिंजऱ्यांवरच्या चिठ्ठ्यांवरून. कुठल्या पिंजऱ्याला काय खाऊ हे चुकलं तर सगळ्या कामाची माती, म्हणून डॉक्टरीणबाईंनी मला आधी आकडे शिकवले, मग अक्षरं. पुढचं मी पुड्यांचे कागद वाचत वाचत शिकले. आज हे लिहिते आहे ते त्या उंदरांच्या कृपेने.

डॉक्टरीणबाई म्हणजे तिथल्या मुख्य. चाळिशीच्या, केसांचा घट्ट अंबाडा, चष्मा दोरीने गळ्यात. सगळे डॉक्टर म्हणतात म्हटल्यावर पहिल्याच आठवड्यात आमचे भावजी कंबर धरून त्यांच्या दारात उभे.

"मी माणसांची डॉक्टर नाही हो दादा," त्या म्हणाल्या.

"मंग कुनाची?"

"सध्या तरी उंदरांची."

भावजी घरी येऊन बायला सांगतात, "बाई चांगली हाय, पन आपल्या कामाची नाय. शेपूट असंल त्यालाच औषध देते."

तर ह्या बाई गुंजेवर काम करत होत्या. गुंजेच्या दाण्यात एक प्रथिन असतं. मला त्यांनी असं सांगितलं की प्रथिन डाळीतही असतं, पण डाळीतलं पोसतं आणि हे मारतं. अंगातल्या पेशींना मारतं, म्हणजे आपण ज्याची बनलेलो आहोत त्या बारीक कणांना. कॅन्सरची गाठही तशाच कणांची. मग हे प्रथिन गाठीच्या कणांवर आधीच घालायचं, त्यांचा जोर मोडायचा आणि ते मोडलेले कण धडधाकट उंदराला सुईने टोचायचे. काही दिवसांनी त्याच उंदराच्या अंगात खरी, जिवंत गाठ सोडायची आणि बघायचं, धरते की विरते.

"म्हंजी लस," मी म्हटलं. देवीची लस माझ्या दंडावर होतीच.

"लस झाली तर लस. अजून नुसती शंका आहे."

मला ते कळलं ते माझ्या परीने. पोरांना विंचू ओळखू यावा म्हणून आमच्याकडे नांगी मोडलेला विंचू दाखवतात. बघ, हा असा असतो, दिसला की चप्पल काढायची. हे तसंच. मी डॉक्टरीणबाईंना हे सांगितलं तर त्या हसल्या, आणि पुढे मुंबईचे साहेब आले तेव्हा त्यांनी इंग्रजीत बोलता बोलता मधेच "नांगी मोडलेला विंचू" म्हटलेलं मी ऐकलं. तेव्हा बाटली विसळताना माझी मान जरा ताठ झाली, खोटं कशाला सांगू.

दाण्यांची पिशवी आणली की ती निवडायचं काम माझं. तेव्हा त्यांनी एक गोष्ट बजावून सांगितली. दाणा फुटलेला असेल तर हाताने धरायचा नाही, चिमट्याने उचलायचा. हात धुतल्याशिवाय तोंडाकडे न्यायचा नाही. आणि चुकूनही दाताखाली फोडायचा नाही. एखादासुद्धा चावून खाल्ला तर माणूस जाईल.

मी हे घरी सांगितलं. बाय तांदूळ पाखडत होती, तिने सूप थांबवलंसुद्धा नाही.

"आन् पाला?"

"पाल्याचं नाय गं, दान्याचं."

"एका आईची दोन लेकरं," बाय म्हणाली, "एक अमृत नि एक विख. असं कुठं असतंय?"

पण मुलांना तिने कुंपणाकडे जाऊ दिलं नाही त्या दिवसापासून. तोंडाने थट्टा करील, पण ऐकलेलं सोडायची नाही, अशी बाय.

बायबद्दल सांगायला हवं. मी लग्न होऊन आले तेव्हा मला भाकरी थापता येत नव्हती. सासूबाई आधीच गेलेल्या. बायने मला हाताला धरून सगळं शिकवलं आणि माझी दोन्ही बाळंतपणं तिनेच केली. तिला स्वतःला मूल नाही. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला आम्ही जावा एकमेकींच्या पाठीला तेल लावायचो. पाठ चोळता चोळता गावातल्या एकेकीचा उद्धार, हसणं, पाणी निवलं म्हणून भावजींची हाक. त्या वर्षी दिवाळीला बाय म्हणाली, "माजं मी लावते. तुला कामावर जायाचं, तू आटप." बंगला तर दिवाळीत बंद होता. मला ते खटकलं, पण मी म्हटलं असेल काही मनात.

पौषात बंगल्यात आनंदाची गोष्ट झाली. ज्या उंदरांना लस टोचली होती त्यांच्यात खरी गाठ सोडली होती, आणि ती धरली नाही. बिनलशीच्या पिंजऱ्यातले उंदीर सुकत गेले, मेले. हे मात्र खात होते, पळत होते, एकमेकांच्या अंगावर चढत होते. मी रोज सकाळी गेले की आधी तोच पिंजरा बघायचे. डॉक्टरीणबाई पेढे घेऊन आल्या. पण पेढा हातावर ठेवताना म्हणाल्या, "फार आनंद करू नका. एकदा झालं म्हणजे झालं असं नसतं. परत करून बघायचं आहे."

हे शेवटचं वाक्य बंगल्याच्या फाटकाबाहेर पडलंच नाही. पेढे मात्र पडले. ढाब्यावर, पिठाच्या गिरणीवर, पाणवठ्यावर एकच बोलणं, बंगल्यात कॅन्सरवर लस निघाली, आपल्या कुंपणावरच्या गुंजेची. मी ज्याला-त्याला सांगायचे, अहो उंदरांपुरतं आहे. लोक म्हणायचे, आज उंदराला, उद्या माणसाला. बायने नुसतं विचारलं, "ती उंदरं अजून जगली हायती?"

"हायती ना. एका पिंजऱ्यात मावत नायत आता."

"बरं."

त्यानंतर काही दिवसांनी सकाळी मी कामावर निघाले होते. बाय पडवीत बसली होती, पुढ्यात केळ्याची सालं. चेहरा असा, जसा उपास सोडल्यावर होतो.

"आजपास्नं माजा घोर सोड," ती म्हणाली.

"कसला घोर?"

"लस घेतली मी."

मला वाटलं थट्टा करते. "कुनी दिली?"

"कुनी कशाला देयाला पायजे? कुंपनावर हाय ना. केल्यात घालून घेतली. उंदरांना चालते मंग मला का नाय? मी काय उंदरापरीस हलकी हाय?"

पुढचं मला नीट आठवत नाही. एवढं आठवतं की मी भावजींना हाक मारून तिच्याजवळ बसवलं आणि शेताच्या बांधावरून हायवेकडे पळत सुटले. एक चप्पल बांधावर राहिली ती संध्याकाळी भावजींनी आणली. बंगल्यात पोचले. डॉक्टरीणबाईंनी एवढंच ऐकलं, "जावेनं गुंज खाल्ली," आणि त्या हातातलं काम तसंच टाकून जीपकडे चालू लागल्या.

जीपमध्ये त्यांनी एकच विचारलं. "चावून खाल्ली का?"

"ठाव नाय, बाई."

जीप जिथवर जायची तिथून पुढे आमच्या घरापर्यंत पायवाट, त्या साडी धरून माझ्या पुढे चालत होत्या.

बाय होती तशीच बसलेली. पाहुणी आली म्हणून उलट उठून चटई टाकायला लागली.

"मावशी, बसा. उठू नका," डॉक्टरीणबाई तिच्यासमोर उकिडव्या बसल्या. "दाणे ओले होते की वाळलेले?"

"वाललेले. शेंगा उकललेल्या व्हत्या."

"किडके, फुटके होते त्यात?"

बायने माझ्याकडे पाहिलं, ही बाई असं काय विचारते म्हणून. "औशदाला कुनी किडकं घेतं का? निवडून घेतले. धुवून घेतले."

"आणि चावलेत? दाताखाली आले का?"

आता मात्र बायला राग आला. "मी काय येडी हाय? औशद कुनी चावतं? दाताला लागलं का उष्टं झालं. उष्टं औशद लागू पडत नाय."

डॉक्टरीणबाई उकिडव्या होत्या त्या तिथेच जमिनीवर बसल्या. चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला. मला म्हणाल्या, "दाण्याचं कवच फार टणक असतं. अख्खा दाणा पोटात विरघळत नाही, जसा जातो तसा बाहेर येतो. बहुतेक काही होणार नाही. पण दवाखान्यात न्यायलाच हवं, दोन-तीन दिवस लक्ष ठेवायला हवं."

आमच्याकडे भगताचं औषध असो की वैदूची गोळी, गुळात नाहीतर केळ्यात घालून सरळ गिळायचं, दात लावायचा नाही, ही रीत. सासूबाईंनी बायला शिकवली, बायने मला. कशासाठी ते कुणी विचारलं नाही. त्या दिवशी मला ती रीत देवासारखी भेटली.

"पण मावशी," डॉक्टरीणबाई हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्हाला ही लस घ्यावीशी का वाटली?"

भावजी खांबाला टेकून उभे होते. बायने त्यांच्याकडे बघून म्हटलं, "बैलांना पानी दावा जरा." भावजी गेले. मग तिने माझा हात धरला आणि पदराखाली, डाव्या छातीवर ठेवला. सुपारीएवढी गाठ होती. हाताखाली सरकणारी.

"कवापास्नं?" मी विचारलं.

"भात कापायच्या आदीपास्नं."

म्हणजे दिवाळी. म्हणजे पाठीचं तेल.

तिची आई छातीच्याच दुखण्याने गेली होती. फार हाल होऊन. माहेरच्यांनी खोलीचं दार लावून ठेवलेलं, वास येतो म्हणून. बाय तेव्हा लहान होती, दाराबाहेर बसायची. हे मला तिने इतक्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं, ते दवाखान्यात नेताना जीपमध्ये सांगितलं, रस्त्याकडे बघत, दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगावी तसं.

दवाखान्यात तिला ठेवून घेतलं. आता पुढचं सांगायचं म्हणजे जरा तोंडावर पदर धरूनच सांगायला हवं. दाणे बाहेर पडतात की नाही आणि अख्खे पडतात की नाही, हे बघायचं होतं, आणि ते बघायचं काम माझं. नर्स म्हणाली, "तुम्हाला दाणे निवडायची सवय आहेच." बाय लाजेने अर्धी झाली. पण दाणे पडले, जसे गेले तसे, लाल, चकचकीत, टिळ्यासकट. बायने मोजून घेतले होते, त्यातला शेवटचा दाणा पाहिल्यावर मी व्हरांड्यात येऊन भावजींना खुणेने सांगितलं. भावजी तिथल्या पायरीवर बसून ढसाढसा रडले. मग डोळे पुसून, सोनार गुंजेनेच सोनं तोलायचे ते आठवून म्हणाले, "सोनाराकडं न्यावं का आता, घसारा झाला का बघाया?" आत बायला ते ऐकू गेलं. "सोनाराला सांगा कुठनं आनल्या ते," ती आतून म्हणाली.

गाठ राहिलीच होती. डॉक्टरीणबाईंनी मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात ओळखीने दिवस ठरवून दिला. बाय जायला तयार होईना. "मी आता गुंज घेतलीय, ती काम करंल." मी म्हटलं, "ती बाहेर आलीय गं, मी डोल्यांनी पायलीय." तेव्हा कुठे तिला जोराचं हसू आलं, आणि हसता हसता ती हो म्हणाली.

तिथे गाठ काढली आणि तपासायला पाठवली. म्हणजे काय करतात ते मला ठाऊक होतं. पातळ काप, काचेच्या पट्टीवर ठेवायचा, रंग घालायचा, दुर्बिणीखाली बघायचा. अशा पट्ट्या मी रोज ढिगाने धुवायचे, साबण लावून, उजेडात धरून, डाग राहिला का बघून. त्या पट्ट्यांवर कुणाचं काही असतं असं कधी मनात आलं नव्हतं. आलं तरी उंदराचं. निकाल यायच्या आधीचे ते दिवस मी बंगल्यात कामावर होते आणि दर पट्टी धुताना मला वाटायचं, हीच ती असेल, नीट धू.

निकाल घ्यायला आम्ही तिघं गेलो. तिथला डॉक्टर तरुण होता, घाईत होता. कागद बघून म्हणाला, "गाठ साधी आहे. कॅन्सर नाही."

बाय त्याच्याकडे बघत राहिली. "मंग कापली कशाला?"

"कापल्याशिवाय कळत नाही, आजी."

"आजी," बाय बाहेर आल्यावर म्हणाली, "त्याच्या आईच्या वयाची हाय मी." आणि बाकावर बसून पदर तोंडात कोंबून रडली. भावजींनी तिच्यासाठी चहा आणला, तो निवून गेला, दुसरा आणला. परतीच्या वाटेवर तिने वडापाव मागून खाल्ला. खाल्ल्यावर म्हणाली, भूक लागली व्हती गं, दिवालीपास्नं. तिने तेव्हापासून धड खाल्लं नव्हतं हे मला तेव्हा कळलं.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण बाय गावात परतली ती लशीचा दाखला होऊन. गाठ होती, गुंज घेतली, गाठ साधी निघाली. बायका ओट्यावर येऊन बसायच्या आणि बाय रंगवून सांगायची. मी मधे बोलले की म्हणायची, "तू गप गं, घेतली मी का तू?" बायने गिळली, पण दुसरी एखादी चावील. कुणी कुटून दुधात घेईल. मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं.

त्या दिवसांत बंगल्यात उदास वातावरण होतं. तोच प्रयोग परत लावला होता, तसाच, तीच लस. पण ह्या खेपेला लस टोचलेले उंदीरही मरत होते. रोज सकाळी मी पिंजरा बघायचे आणि एखादा कोपऱ्यात निपचित.

डॉक्टरीणबाई संध्याकाळी आमच्याकडे आल्या. बायने चहा टाकला.

"मावशी, दुसऱ्या खेपेचे उंदीर मेले."

"लसवाले?"

"लसवालेच."

बायने चहा गाळायचा थांबवला. "मंग पयल्या खेपेला जगले कसे?"

"माहीत नाही. म्हणून तर परत करून बघतात."

"आन् मी?"

"तुमची गाठ पहिल्यापासून साधीच होती. गुंजेने ती साधी केली नाही. आणि तुम्ही वाचलात ते दात न लावल्यामुळे. दुसरीने कुणी चावून खाल्ली तर मी जीप घेऊन आले तरी उपयोग नाही."

बायने राहिलेला चहा गाळला. मग कपबशी त्यांच्यापुढे सरकवत म्हणाली, "तुमची मेहनत फुकट गेली म्हना."

"फुकट नाही गेली. खोटी गोष्ट पुढे गेली नाही, हे काय कमी आहे?" त्या म्हणाल्या, पण त्यांचे डोळे थकलेले होते. बायने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. त्या एवढ्या शिकलेल्या मोठ्या बाई, पण बायला त्या वेळी त्या दमून आलेली लेक दिसली असावी.

पुढे बंगला बंद झाला. उंदीर मुंबईला गेले, डॉक्टरीणबाईही. गुंजेची लस काही निघाली नाही, निदान माझ्या कानावर आली नाही. पण त्याआधीची, बंगला चालू असतानाची एक गोष्ट सांगायची राहिली.

शेजारच्या वाडीतली एक बाई सकाळी आमच्या कुंपणाशी उभी होती. पदराआड हात. मी भांडी घासत होते. बाय ओट्यावर.

"गुंज पायजे व्हती वायच," ती म्हणाली.

"गल्याला? पाला ने."

"पाला नाय. दाने."

बाय उठली. तिच्याजवळ गेली, कुंपणाच्या ह्या बाजूने. दोघींचं काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही, आवाज खाली होता. त्या बाईने मान खाली घातली आणि हात पदराआडून छातीवर नेला. बाय घरात आली, ठेवणीतलं लुगडं नेसली, मला म्हणाली, "दुपारचं कालवन तू बघ." मग परत कुंपणाशी जाऊन तिने त्या बाईचा दंड धरला.

"अजून काय खाल्लं-चावलं नायस ना?"

"नाय, बाय."

"मंग चल. यष्टी चुकंल. आन् रडू नको, कापल्याबिगर कलत नाय, मी सांगते तुला."